फणसाच्या गिटारची पेटी

गिटार बोलणार नाही. तिला बोलायला दुसऱ्याची बोटं लागतात, आणि ती बोटं सध्या घरात नाहीत. म्हणून मीच तोंड उघडते. मी तिची पेटी. बाहेरून काळं रेक्झीन, आतून हिरवं मखमल, चार पितळी खटके, त्यातला एक वाकडा. मुक्काम आबुनो गावात, तातय पानियोंच्या खाटेखाली. सात महिने झाले, कुणी चार शब्द बोललेलं नाही माझ्याशी. आज तुम्ही भेटलात, तर जरा बसा. मला पाल्हाळ लावायची सवय आहे, तेवढी चालवून घ्या.

आबुनो हे माक्तान बेटावरचं गाव. इथे घरटी एक गिटार बनवणारा. पहाट होते तीच रंध्याच्या आवाजानं, आणि कोंबड्या अंडी घालतात त्या लाकडाच्या ढलप्यांत. तातय म्हणजे बाबा. पण पानियोंना त्यांची पोरंच काय, अख्खा गाव तातय म्हणतो. त्यांच्या हातच्या गिटारीसाठी लोक बोटीनं यायचे आणि महिना महिना थांबायचे. तातय फळीवर बोटानं टकटक करायचे, कान लावायचे आणि सांगायचे, "ही गाईल." नाहीतर, "ही चुलीत घाला." दोन्हीत कधी चूक झाली नाही म्हणतात. मी तेव्हा जन्मले नव्हते, ऐकीव सांगतेय.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी उजवा, मागून डावा. पलीकडच्या सेबू शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, ही थरथर आता जायची नाही. तातय घरी आले, दोन दिवस हत्यारांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी माळ्यावरच्या फळ्या खाली काढायला लावल्या. तीन वर्षांपूर्वीच्या वादळात अंगणातला फणस पडला होता, त्याच्या त्या फळ्या. हळदीसारख्या पिवळ्या.

एरवी तीन आठवड्यांत होणारी गिटार, तिला सात महिने लागले. पटाशी धरलेला हात दुसऱ्या हातानं दाबून धरायचा आणि काम करायचं. चुकलं की फळी बाजूला, नवी फळी. शेवटी ती झाली. तातयनी हत्यारं पुसली, गोणपाटात गुंडाळली आणि लेकीला म्हणाले, "मर्ली, हे वर ठेव. आता माझ्याकडून दुसरी होणे नाही."

ही गिटार होती रोल्दानसाठी. रोल्दान म्हणजे तातयचा धाकटा. बुटका, हसला की डोळे मिटतात, आणि वाजवायला लागला की शेजारपाजारचे जेवण सोडून दारात येतात. पण गिटार बनवायला शिकायचं म्हटलं की हा पळाला. भुशानं शिंका येतात म्हणे. त्याला मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात वाजवायचं काम लागलं, आणि तिथे विमानानं जायचं, म्हणून माझी गरज पडली.

शेजारचे उबाल्दो सुतारकाम करतात. त्यांनी नवरीच्या पोलक्याचं घ्यावं तसं गिटारचं माप घेतलं. तीनदा. चर्चच्या संताच्या मिरवणुकीसाठी आणलेलं मखमल उरलं होतं, ते माझ्या पोटात लावलं. मी तयार झाले तेव्हा तातयनी गिटार माझ्यात ठेवली, झाकण लावलं आणि मला दोन्ही हातांनी हलवून बघितलं. आतून आवाज आला नाही. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले. आयुष्यात मला कुणी केलेलं तेवढंच कौतुक.

नव्या तारा चार दिवस सुरात राहत नाहीत, ताणून ताणून उतरतात. आणि तारा चढवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी रोल्दानचं विमान होतं. त्यामुळे तातयना आपली ही शेवटची गिटार मुलाच्या हातून धड ऐकायला मिळालीच नाही. रोल्दाननं दोन ओळी वाजवल्या, सूर उतरला, त्यानं खुंट्या पिळल्या, पुन्हा उतरला. तातय म्हणाले, "राहू दे. येशील तेव्हा वाजव."

"येईन तेव्हा पहिलं तुम्हालाच, तातय. चहासुद्धा नंतर."

"ते नंतर बघू. आधी हिला बंद करायला शीक. ही विमानाच्या पोटात जाणार, तिथे आपलं कुणी नसतं. तारा सैल कर. हिची मान सगळ्यात नाजूक, म्हणून डोक्याखाली मऊ फडकं, वरून मऊ फडकं. बाकी पेटीत काही नाही ठेवायचं. हातरुमालसुद्धा नाही."

"मी काय लहान आहे का?"

"लहान असतास तर कान धरून शिकवलं असतं. बनवायला शिकला नाहीस, दोंग, निदान झाकायला तरी शीक." दोंग म्हणजे बाळ्या. आमच्याकडे नातू झाले तरी बाप मुलाला दोंगच म्हणतो.

मग माझा प्रवास सुरू झाला. तुम्ही विमानात खिडकीशी बसता, ढग बघता, कुणीतरी जेवण आणून देतं. मी कुठे असते ते एकदा ऐका. पोटात, काळोखात. थंडी इतकी की रेक्झीन कडक होतं. आजूबाजूला शंभर बॅगा, पण एक बोलेल तर शपथ. प्रत्येकीला आपापल्या माणसाची काळजी, की हा मला घ्यायला येईल ना, दुसरीलाच उचलून नेणार नाही ना. मग विमान उतरतं, धाडकन कुणीतरी फेकतं, आणि आपण त्या फिरत्या पट्ट्यावर गोल गोल. मस्कतला जाताना, आणि पुढे हॉटेलवाले दुसऱ्या देशांत वाजवायला पाठवायचे तेव्हाही, रोल्दान धावत यायचा, मला उचलायचा, आणि तिथेच जमिनीवर बसून खटके उघडून आत बघायचा. लोक अडखळून पडायचे, शिव्या द्यायचे. हा ढिम्म. ती सुखरूप दिसली की त्याचा जीव भांड्यात पडायचा आणि माझाही.

हॉटेलात ती रोज संध्याकाळी दिव्यांखाली जायची, कारंज्याजवळ. मी मागे, झाडू आणि बादल्यांच्या खोलीत. सहा वर्षं. भिंतीतून काही ऐकू यायचं नाही, फक्त फिनाईलचा वास. काम आटोपून ती परत यायची तेव्हा अंगाला ऊब असायची, कुणाकुणाच्या अत्तराचा वास असायचा. मी म्हणायचे, काय झालं ते सांग की. ती दमून झोपलेली. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. पण तिच्याशिवाय मला दुसरं कोण होतं? माझ्या पोटातली पोकळीसुद्धा तिच्याच मापाची.

दर रविवारी रोल्दान घरी फोन लावायचा. एकदा म्हणाला, "तातय, फोन समोर ठेवतो, एक गाणं ऐका."

"डब्यातलं ऐकून मला काय कळणार? समोर बस आणि वाजव."

"सुट्टीला येतो पुढच्या वर्षी."

ही पुढची वर्षं सहा झाली. सुट्टीचं तिकीट दर खेपेला कशात तरी जायचं. एकदा छप्पर उडालं, एकदा मर्लीचं बाळंतपण अवघड झालं, एकदा हॉटेलवाल्यांनीच सोडलं नाही. तातय कधी रागावले नाहीत. "बरं," म्हणायचे आणि फोन मर्लीकडे द्यायचे.

मग एका रविवारी मर्ली हळू आवाजात बोलली. "रोल्दान, तातयचा डावा कान गेला रे. पूर्ण. उजव्यानं पण आता ओरडून सांगावं लागतं. काल लाकडाला टकटक केली आणि मला विचारत होते, आवाज आला का म्हणून."

रोल्दान त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबापुढे जाऊन उभा राहिला आणि आठ दिवसांची सुट्टी घेऊन आला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! सहा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, आपण नुसतं सामान नाही. बापाच्या कानात थोडा जीव आहे तोवर ही गिटार सुखरूप घरी पोचवायची, हे काम आपलं.

पण आमच्या लोकांची एक रीत आहे. परदेशाहून येणाऱ्यानं सगळ्यांसाठी काहीतरी आणायचं. त्याला पासालुबोंग म्हणतात. हात हलवत आलेल्याला तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण वर्षभर विसरतही नाही. मर्लीनं फोनवर यादी सांगितली, पहिलं नाव तिया पेरिंगचं. तिया म्हणजे मावशी. "तिया पेरिंगला मांसाचे डबे. तिकडचेच हवेत म्हणते, इथल्याला तसा वास नाही. उबाल्दोला टॉवेल. बायकांना साबण. आणि तुझ्या मानलेल्या पोरांना चॉकलेटं."

"मानलेली पोरं अकरा ना?"

"सोळा."

"सोळा? मी तिथे नव्हतोच!"

"तू नव्हतास म्हणून काय झालं? बाप्तिस्म्याला फादरनी तुझं नाव लावलं. परदेशातला मानलेला बाप कुणाला नको असतो?"

मस्कतच्या विमानतळावर बॅग काट्यावर चढली आणि सात किलो जास्त भरली. रोल्दाननं बॅग जमिनीवर उघडली. त्यात नवल काही नाही. त्या रांगेत आमचीच माणसं, निम्मी जमिनीवर बसून खोकी उघडत होती, कुणी तीन तीन शर्ट अंगावर चढवत होती. रोल्दानच्या मागे एक बाई होती, घरकामाला असणारी, दहा वर्षांनी घरी निघालेली. ती म्हणाली, "अहो कुया, ही गिटारची पेटी काय रिकामी नेताय? बघा केवढी जागा आहे त्यात!"

कुया म्हणजे दादा. कुया रोल्दान म्हणाला, "नको हो. तातयनी सांगितलंय, यात काही ठेवायचं नाही."

"तातय बघायला आलेत का इथे? आणि तुम्ही काय परक्या मुलखात चाललाय? घरी जाणाऱ्याचं सामान देव सांभाळतो."

झालं. पाच वेळा परक्या मुलखात उडताना ज्यानं तातयचा शब्द मोडला नाही, त्यानं घरी जाताना मोडला. गिटारच्या डोक्याखालचं मऊ फडकं काढलं आणि तिथल्या पोकळीत टॉवेलात गुंडाळून दोन मांसाचे डबे बसवले. कुशीला साबण. तारांवर चॉकलेटं. डोक्यावर तेलाची बाटली. नाकापेक्षा मोती जड झाला. झाकण लागेना.

"थांबा, मी बसते," ती बाई म्हणाली आणि बसली. बसली ती बसली, पलीकडच्या दोघांना पण बोलावलं. सगळे हसत होते, रोल्दानपण हसत होता, डोळे मिटून. कट्ट आवाज झाला तो माझ्या खटक्याचा, तो तेव्हापासून वाकडा आहे. आत तिची मान खालून डब्यांनी वर ढकलली जात होती आणि वरून मी तिला खाली दाबत होते. मला तोंड आहे, ते उघडतं, मिटतं, पण त्यातून आवाज निघत नाही. त्या दिवशी मला स्वतःचा जितका राग आला तितका कधी कुणाचा आला नाही.

विमान बदलताना कुणीतरी मला नेहमीसारखं फेकलं. नेहमीसारखंच हो, जास्त जोरात नाही. आतून एक बारीक आवाज आला. सुकी काडी मोडावी तसा. 

सेबूच्या पट्ट्यावर रोल्दाननं मला उचललं, पण खाली बसून उघडलं नाही. उघडलं तर सगळं बाहेर सांडेल आणि पुन्हा झाकण लागायचं नाही. बाहेर भाड्याची जीपनी, म्हणजे लांब केलेली जीप, उभी होती आणि तिच्यात एकोणीस माणसं त्याला न्यायला आलेली. तातय तेवढे नव्हते. ते घरी इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, खुर्चीत बसले होते. उजवा कान दाराकडे येईल अशी खुर्ची त्यांनी सकाळपासून चारदा हलवली होती, हे मर्लीनंच मग सांगितलं.

मला बैठकीच्या खोलीत मधोमध ठेवलं. भोवती कोंडाळं. रोल्दाननं आमच्या रीतीप्रमाणे तातयचा हात आपल्या कपाळाला लावला, वाकून त्यांच्या कानाशी ओरडला, "तातय, आधी वाजवतो! चहा नंतर!"

तातय हसले. पोरं टाळ्या वाजवायला लागली. एक, दोन, तीन खटके उघडले, चौथा अडकला, उबाल्दोंनी पट्टीनं काढला. झाकण आपोआप वर उडालं.

चॉकलेटं सांडली. पोरं झेपावली आणि मग पोरंही थांबली. चॉकलेटांखाली तारा सैल पडल्या होत्या, शेवयांसारख्या. गिटारचं डोकं मानेपासून मोडून एका चिरफळीवर लोंबत होतं.

"सुसमार्योसेप!" तिया पेरिंगनं देवाचा धावा करत तोंडावर हात घेतला.

रोल्दान गुडघ्यांवर बसला होता, तसाच राहिला. माझ्या अंगावर बाहेरून एक ओरखडा नव्हता. सगळे म्हणत होते, पेटी किती मजबूत, बघा, पेटीला काही झालं नाही. कुंपणानंच शेत खाल्लं, हे कुणाला कळायचं?

तातय खुर्चीवरून उठले. माझ्याजवळ खाली बसायला त्यांना वेळ लागला. थरथरत्या हातानं त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली.

"हे कुणाचं?"

"तिया पेरिंगचं," मर्ली ओरडली.

त्यांनी डबा तिया पेरिंगच्या हातात दिला. "हे?"

"उबाल्दोंचं."

टॉवेल उबाल्दोंना. साबण बायकांना. तेलाची बाटली मर्लीला. चॉकलेटं सोळा पोरांना, मोजून. कुणी घ्यायला हात पुढे करेना, तर ते धरून राहायचे, हाताची थरथर वाढायची, मग लोक घ्यायचे. तिया पेरिंग डबा परत ठेवायला लागली तर म्हणाले, "घेऊन जा गं. तू मागितलंस, त्यानं आणलं. तुझा काय दोष?" बाई रडायलाच लागली.

सगळं रिकामं झालं. माझ्यात फक्त ती उरली. तातयनी रोल्दानकडे बघितलं.

"आणि मला काय आणलंस, दोंग?"

रोल्दाननं मान वर केली नाही. "हीच, तातय," तो म्हणाला. तातयना ऐकू गेलं नाही, म्हणून त्याला पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. "हीच आणली होती!"  माणसं एकेक करून उठून गेली.

मला वाटलं आता तातय ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मर्ली, माळ्यावरचं गोणपाट काढ. आणि सरस भिजत घाल."

रोल्दान म्हणाला, "तातय, उबाल्दोंची गिटार आणतो ना मी. त्यावर वाजवतो. तुम्हाला ऐकायचंच आहे ना?"

"उबाल्दोची गिटार उबाल्दोला ऐकव. मला माझी ऐकायचीय."

"मग उबाल्दो जोडून देतील..."

"उबाल्दो पेट्या करतो. तू जोड."

"मी? मला काय येतं?"

"मी सांगतो. तोंड माझं अजून थरथरत नाही."

असे ते दोघं बसले. अंगणात, फणसाच्या बुंध्याजवळ. सरस म्हणजे चामडं उकळून केलेला गोंद. तो भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवायचा आणि गरम असतानाच लावायचा, घाई न करता आणि वेळही न घालवता. रोल्दाननं पहिल्यांदा लावला तेव्हा फुंकर मारत बसला, तोवर सरस थिजला. चौथ्या दिवशी तारा चढवल्या आणि करकर करून सांधा सुटला. रोल्दाननं सांधा आवळून धरायचा क्लॅम्प अंगणात भिरकावला.

"उचल तो," तातय म्हणाले.

"नाही जमत मला! तुम्हाला आधीपासून माहीत होतं, मला नाही जमत!"

"मला माहीत होतं, तुला जमवायचं नाही. उचल."

मग गरम पाण्याच्या फडक्यानं जुना सरस काढणं आलं. दोन दिवस तेच. मी ओसरीवर उघडी पडले होते, तिथून दिसायचं सगळं. तातय मुलाच्या हातावर हात ठेवायचे, आणि थरथर बापाच्या हातातून मुलाच्या हातात जायची, पण पटाशी सरळ चालायची. बोलणं फार नव्हतं. "हळू." "पुसून घे." "आता दाब." सहा वर्षांत त्या दोघांचं फोनवर जेवढं झालं नसेल तेवढं त्या दोन दिवसांत झालं. मी बघत होते आणि मला बरं वाटत होतं. वाईटही वाटत होतं. माझ्या चुकीनं झालं होतं ना ते सगळं.

सहाव्या दिवशी सांधा पुन्हा बसवला. या वेळी रोल्दाननं फुंकर मारली नाही. तातयनी सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "धरेल. पण आता आठवडा हात लावायचा नाही."

"माझं विमान परवा आहे, तातय."

"माहीत आहे."

"दोन दिवसांनी सरस वाळतो. तुम्हीच सांगायचात."

"मानेचा नाही वाळत. घाई केलीस की काय होतं ते बघितलंस ना?"

त्यानं मस्कतला फोन लावला. सुट्टी वाढवून मिळेना, साहेबानं फोनच कापला. रोल्दान निघाला तेव्हा गिटार क्लॅम्पमध्ये जखडलेली होती. उबाल्दोंनी आपली गिटार त्याला दिली. ती कमरेला रुंद, माझ्या पोटात मावेना, म्हणून ती तिच्या स्वतःच्या पेटीतून गेली. निघताना रोल्दाननं माझ्या मखमलावरून हात फिरवला. कोपऱ्यात चॉकलेटचा कागद अडकला होता, तो काढला. मग झाकण लावलं आणि मला खाटेखाली सरकवलं. दारात तातयना म्हणाला, "सरस वाळला की कळवा. लगेच येतो." जीपनीचा आवाज गेला तरी तातय दारातच उभे होते.

तो गेल्यावर पाचव्या दिवशी तातयनी क्लॅम्प काढले. उबाल्दोंकडून तारा चढवून घेतल्या. सांधा ठणठणीत धरला होता, रेघसुद्धा शोधावी लागत होती. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, उजवा कान तिच्या फणसाच्या कुशीला लावला आणि अंगठ्यानं एकच तार छेडली. डोळे मिटून बराच वेळ तसेच बसले. मग खुंट्या पिळून तारा सैल केल्या आणि तिला भिंतीवर टांगलं.

रविवारी फोन आला. मर्लीनं आवाज मोठा करून ठेवला.

"तातय! सरस वाळला का?"

"नाही रे. हवा दमट आहे."

मर्ली बघतच राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तातय, खोटं काय बोलताय? ती काय भिंतीवर आहे!"

"तू मधे पडू नकोस."

तेव्हापासून दर रविवारी हेच. कधी हवा दमट. कधी पाऊस लांबला. कधी सरसच जुना होता म्हणून वेळ लागतोय. एकदा रोल्दान म्हणाला, "उबाल्दोंना सांगून पाठवून द्या ना विमानानं, नीट बांधून." तातय म्हणाले, "ओल्या सांध्याची गिटार विमानात घालू? एवढं शिकवलं ते वाया गेलं म्हणायचं. तूच येऊन बघ, वाळलाय का."

तिकडून रोल्दान खाकरला. मग, "बरं तातय. पुढच्या रविवारी विचारतो."

तुम्हाला वाटत असेल, बिचाऱ्याला फसवताहेत. अहो, तो आबुनोचा पोरगा आहे. सरस वाळायला किती दिवस लागतात हे इथल्या कोंबड्यांनाही ठाऊक असतं. त्याला सगळं कळतं. कळतं म्हणूनच विचारतो, आणि तातयनाही कळतं की त्याला कळलंय. सुट्टी मिळत नाही हे तो सांगत नाही, कान चाललाय हे तातय सांगत नाहीत. दोघं मिळून सरसाच्या नावानं बोलतात. मी खाटेखालून ऐकते आणि मला रडू फुटतं, पण कोरड्या लाकडाला पाणी कुठून येणार?

मागच्या महिन्यात मर्लीनं बाळाचे जुने कपडे माझ्यात ठेवायला घेतले. तातय खेकसले, "तिच्यात काही ठेवायचं नाही!" म्हणून मी रिकामी आहे. आत हात घातलात तर तिची कंबर, तिची मान, तिचं डोकं, सगळं मखमलात दबलेलं लागेल. ती वर भिंतीवर, मी खाली, मधे एक खाट. हल्ली एखादी तार ताणून छेडली की तातय मर्लीला विचारतात, "वाजली का?"

मी कुठे जाऊ शकत नाही. मला कुणीतरी उचलावं लागतं. पण तुमच्यातलं कुणी मस्कतला गेलं, आणि संध्याकाळी एखाद्या हॉटेलात कारंज्याजवळ रुंद कमरेच्या गिटारवर वाजवणारा एक बुटका माणूस दिसला, हसताना डोळे मिटणारा, तर माझं एवढं काम करा. गाणं संपू द्या आणि त्याला सांगा, तुझ्या तातयच्या उजव्या कानात अजून थोडं येतंय. सोळा काय, सव्वीस पोरं असू देत, कुणाला काही नको. बॅग भरू नकोस, यादी विचारू नकोस. हात हलवत ये.